द्राक्षांवर चालणारा दवाखाना: फ्रान्समधल्या बोन गावाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलण्याच्या ओघात काही नावं माझ्याकडून अडखळली होती, ती इथे नीट दिली आहेत. फ्रेंच नावांसमोर माझी जीभ अजून कच्चीच आहे, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात एका लिलावाने करू. नोव्हेंबर २०२२. फ्रान्समधल्या बोन नावाच्या गावात वाइनचं एकच पिंप विकलं गेलं, ८ लाख १० हजार युरोंना. आपल्या पैशात तेव्हाचे पावणेसात कोटींच्या आसपास. पिंप २२८ लिटरचं, म्हणजे साधारण ३०० बाटल्या. तीही पिण्यालायक झालेली वाइन नाही. काही आठवड्यांपूर्वी द्राक्षं तोडलेली, ती मुरायला अजून वर्ष-दीड वर्ष जाणार.

हे पिंप विकणारा कोण? कुणी उमराव नाही, कुठली वाइन कंपनी नाही. विकणारा होता एक दवाखाना. या खास पिंपाचे पैसे समाजसेवी संस्थांना जातात. पण त्याच दिवशी दवाखान्याची अशी ८०० च्या वर पिंपं विकली गेली, एकूण ३ कोटी युरोंच्या आसपास. ते पैसे गेले दवाखान्याकडे आणि त्याच्या वृद्धाश्रमांकडे. आणि हा दवाखाना सुरू झाला १४४३ मध्ये! आपल्याकडे शिवरायांचा जन्म व्हायला तेव्हा अजून १८७ वर्षं होती.

दवाखान्याकडे द्राक्षमळे आले कुठून, आणि ५८० वर्षं ते टिकले कसे? आजचा भाग त्याबद्दल.

गाव कुठे आहे?

फ्रान्सच्या पूर्व भागात बर्गंडी नावाचा प्रदेश आहे. त्यातलं दिजों हे मोठं शहर, आणि तिथून दक्षिणेला रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येतं बोन. वस्ती जेमतेम २० हजार. म्हणजे आपल्याकडचं मध्यम तालुक्याचं गाव.

मी एका प्रोजेक्टसाठी काही महिने लिओंला ऑनसाइट होते. ऑफिसमधले सगळे म्हणायचे, पॅरिसला जा, पॅरिसला जा. मी एका शनिवारी सकाळची ट्रेन पकडून बोनला गेले, कारण खरं सांगू, तिकीट स्वस्त होतं. शनिवारी तिथे बाजार भरतो. चीज, मशरूम, पाव, मधाच्या बाटल्या. आणि बाजाराला लागूनच, रस्त्याच्या कडेला, काळपट उतरत्या छपराची एक लांबच लांब इमारत. अगदी साधी. मी पहिल्यांदा तिच्यासमोरून सरळ पुढे निघून गेले, इतकी साधी.

हाच तो दवाखाना. नाव ओतेल-द्यू, शब्दशः 'देवाचं घर'. मध्ययुगीन फ्रान्समध्ये गोरगरिबांच्या दवाखान्याला असंच म्हणत.

शंभर वर्षांची लढाई आणि एक चलाख वकील

आता थोडं मागे जाऊ. १४४३ मध्ये फ्रान्सची अवस्था फार वाईट होती. इंग्लंडशी चाललेलं ते प्रसिद्ध शंभर वर्षांचं युद्ध शेवटाकडे आलं होतं. सैन्यातून सुटलेल्या भाडोत्री शिपायांच्या टोळ्या गावागावांत लूटमार करत फिरत होत्या. लोक त्यांना 'सालटी काढणारे' म्हणत, यावरून काय ते समजा. वर दुष्काळ, वर प्लेग.

बर्गंडी तेव्हा फ्रान्सच्या राजाला फारसं न जुमानणारं एक श्रीमंत संस्थान होतं. ड्यूकचं नाव फिलिप, उपाधी 'भला'. १४३० मध्ये जोन ऑफ आर्कला पकडलं ते याच ड्यूकच्या बाजूच्या लोकांनी, आणि पैसे घेऊन तिला इंग्रजांच्या हवाली केलं. भलेपणाची व्याख्या तेव्हा जरा सैल असावी.

या ड्यूकचा चान्सेलर, म्हणजे आपल्या भाषेत कारभारी, होता निकोला रोलँ. जवळच्याच ओतँ गावातल्या साध्या घरातला मुलगा. वकील झाला, डोकं तल्लख, आणि १४२२ मध्ये थेट चान्सेलर. मग जवळजवळ चाळीस वर्षं बर्गंडीचा कारभार याच्या हातात. १४३५ मध्ये फ्रान्सच्या राजाशी तह झाला, त्यात याचा मोठा वाटा. आणि या काळात स्वारींनी स्वतःची इस्टेटही जोरदार वाढवली.

वयाची पासष्टी उलटल्यावर या माणसाने तिसरी बायको गिगोन द सालँ हिच्यासोबत बोनमध्ये गरिबांसाठी दवाखाना काढायचं ठरवलं. दानपत्राची तारीख ४ ऑगस्ट १४४३. त्यात त्याने लपवाछपवी केलेली नाही. इहलोकीची संपत्ती देऊन परलोकीची मिळवायची, असा सरळ सौदा लिहून ठेवला आहे.

यावर फ्रान्सच्या अकराव्या लुई राजाची एक टिपणी सांगतात. जन्मभर ज्याने इतक्यांना गरीब केलं, त्याने मरण्याआधी गरिबांसाठी घर बांधलं हे योग्यच झालं, अशा अर्थाची. राजा खरंच असं म्हणाला की नंतर कुणी त्याच्या तोंडी घातलं, देव जाणे. पण शतकानुशतकं ही टिपणी टिकली आहे, कारण प्रश्न खरा आहे. पापाच्या पैशाचं पुण्य होतं का?

हा प्रश्न डोक्यात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

आतलं अंगण आणि गरिबांचं दालन

तर त्या साध्या दारातून आत गेलात की समोर अंगण. आणि मग तुम्ही वर बघता. लाल, पिवळ्या, हिरव्या, तपकिरी चकचकीत कौलांची नक्षी, एखाद्या पैठणीच्या पदरासारखी अख्ख्या छपरावर पसरलेली. बर्गंडीच्या प्रत्येक पोस्टकार्डवर हेच छप्पर असतं. आज दिसणारी कौलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्याने बसवलेली आहेत. पण मला आवडलेली गोष्ट वेगळी. ही सगळी श्रीमंती आतल्या बाजूला आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला काळं छप्पर, आणि आतल्या रुग्णाला रंगीत.

अंगणाच्या बाजूला आहे गरिबांचं मोठं दालन. लांबी सुमारे ५० मीटर. छत लाकडी, उलट्या ठेवलेल्या होडीच्या तळासारखं, आणि आडव्या तुळयांची टोकं अक्राळविक्राळ प्राण्यांच्या रंगवलेल्या जबड्यांतून बाहेर येतात. दोन्ही भिंतींना लागून खाटांची ओळ, प्रत्येक खाटेला लाल पडदा, शेजारी खुर्ची. हे फर्निचर एकोणिसाव्या शतकात जुन्या धर्तीवर केलेलं आहे. दालनाच्या टोकाला चॅपल, म्हणजे ज्याला उठता येत नाही त्यालाही खाटेवरून प्रार्थना ऐकता यावी. आणि एका खाटेवर दोन-दोन रुग्ण असायचे.

इथे मी थांबले. दोन-दोन रुग्ण एका खाटेवर. मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना बाबांना डेंग्यू झाला होता. पावसाळा, सगळीकडे साथ. सरकारी दवाखान्याचा जनरल वॉर्ड, आणि बाबांच्या खाटेवर पायथ्याकडे डोकं करून एक अनोळखी आजोबा. मी दोन खाटांच्या मधल्या जागेत चटई टाकून पाच रात्री काढल्या. नातेवाइकांनी बसायचं कुठे, हा विचार त्या वॉर्डमध्ये कुणी केलेला नव्हता. आणि इथे १४५२ मध्ये, म्हणजे पहिला रुग्ण दाखल झाला त्या वर्षी, कुणीतरी पडदा, छताचे रंग आणि प्रार्थनेचा आवाज या सगळ्याचा विचार केला होता.

मला रडू वगैरे नाही आलं. पण मी त्या दालनात बराच वेळ उभी राहिले एवढं खरं.

जमिनीवरच्या फरश्यांवर निकोला आणि गिगोन यांच्या नावाची अक्षरं गुंफलेली आहेत, सोबत एक तारा आणि 'एकमेव' या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द. तूच माझी एकमेव तारका, असं म्हणे तो बायकोला सांगतोय. तिसऱ्या बायकोला! पण गिगोनने ते खोटं ठरवलं नाही. १४६२ मध्ये निकोला गेला, त्यानंतर तिने दवाखान्याकडे लक्ष दिलं, आणि १४७० मध्ये तिला इथल्या चॅपलमध्येच पुरलं.

रविवारी उघडणारं चित्र

या दालनासाठी रोलँने त्या काळातल्या सर्वात मोठ्या चित्रकारांपैकी एकाला काम दिलं, रोखिर फान डर वायडन. विषय 'अंतिम न्याय'. अनेक फळ्यांचं, दारासारखं उघडझाप होणारं चित्र. एरवी बंद असायचं आणि रविवारी, सणावारी उघडायचं. बंद असताना बाहेर दिसायचे दाता-दात्रीची चित्रं आणि संत सेबॅस्टियन, संत अँथनी. हे दोघेच का? कारण लोक प्लेगसाठी सेबॅस्टियनचा आणि खराब धान्यातून होणाऱ्या जळजळीच्या भयंकर रोगासाठी अँथनीचा धावा करायचे. म्हणजे ओपीडीच्या हिशोबाने निवडलेले संत!

उघडल्यावर मधोमध देवदूत मायकेल, हातात तराजू, माणसांचे आत्मे तोलतोय. एकीकडे स्वर्गाचं दार, दुसरीकडे नरकाची दरी. मरणाच्या दारातल्या माणसाला हे दाखवायचं? मला आधी ते क्रूर वाटलं. पण जवळून पाहिलं तर पडणाऱ्यांना कुणी सैतान ढकलत नाहीये. ते आपल्याच भाराने खाली चाललेत. आता हे चित्र वेगळ्या अंधाऱ्या खोलीत आहे आणि समोर एक मोठं सरकतं भिंग आहे, त्यातून एकेक पापणी दिसते. एकोणिसाव्या शतकात कुणाला तरी त्यातल्या उघड्या आत्म्यांची लाज वाटली आणि त्यांना रंगाने कपडे चढवले गेले. नंतर ते पुन्हा खरवडून काढावे लागले.

पुढे जुनं औषधालयही आहे. बरण्यांवर लिहिलंय, लाकडाखाली सापडणाऱ्या किड्यांची पूड, खेकड्याच्या जातीतल्या प्राण्याचे 'डोळे'. आणि स्वयंपाकघरात १६९८ चं एक यंत्र आहे, मांस भाजण्याची सळई आपोआप फिरवणारं, वर हँडल फिरवण्याचं नाटक करणारा छोटा बाहुला. ऑटोमेशनचा डेमो द्यायची हौस जुनीच म्हणायची.

मीठ, मग द्राक्षं

आता खर्‍या प्रश्नाकडे येऊ. पैसा.

रोलँने फक्त इमारत बांधून दिली नाही. दरवर्षी येणारं ठरावीक उत्पन्न लावून दिलं, वर्षाला १००० लिव्र. ते यायचं सालँ गावच्या मिठागरांतून. सालँ, गिगोनच्या नावात आहे तेच. तिथल्या जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढत, आणि मीठ म्हणजे तेव्हा चलनी नाणं. शिवाय दवाखाना स्थानिक बिशपच्या ताब्यात न देता थेट पोपच्या छत्राखाली ठेवला.

मग १४५७ मध्ये दवाखान्याला पहिला द्राक्षमळा दान मिळाला. त्यानंतर ही रीतच पडली. कुणी मरताना लिहून दिला, कुणी आजारातून उठल्यावर. आज दवाखान्याकडे सुमारे ६० हेक्टर मळे आहेत, म्हणजे १५० एकरांच्या आसपास, आणि बहुतेक सगळे वरच्या दर्जाचे.

बर्गंडीत वरच्या दर्जाची जमीन म्हणजे काय, हे कळायला एक शब्द पुरे: क्लिमा. याचा हवामानाशी संबंध जोडू नका. क्लिमा म्हणजे मळ्याचा एक नाव असलेला, हद्द ठरलेला तुकडा. आपल्याकडे शेताला नाव असतं ना, आंब्याचं, ओढ्याकाठचं, तसंच. शतकानुशतकं, आधी मठातल्या साधूंनी आणि मग शेतकऱ्यांनी, चाखून चाखून ठरवलं की या बांधाच्या अलीकडची वाइन वेगळी आणि पलीकडची वेगळी. असे १२४७ क्लिमा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्याच्या खूप आधी, १३९५ मध्ये, ड्यूकने फतवा काढून भरघोस पिकणारी गामे जातीची द्राक्षं उपटायला लावली होती. पिनो वेल कमी पिकते, पण लाल वाइन चांगली तीच देते म्हणून. दर्जासाठी उत्पन्नावर पाणी सोडायचं, ही सवय इथे एवढी जुनी आहे.

आता बघा, मिठागरं आज कुठे आहेत? संग्रहालय झालीत. बर्गंडीचं संस्थान? १४७७ मध्ये शेवटचा ड्यूक लढाईत मेला आणि फ्रान्सच्या राजाने इथला मुलूख गिळला. फ्रेंच राज्यक्रांती झाली, राजाही गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर खालचा सर्व्हर चार वेळा बदलला, पण सर्व्हिस बंद पडली नाही.

१८५९ पासून या वाइनचा जाहीर लिलाव होतो, दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. तो जुन्या पद्धतीने मेणबत्तीवर चालायचा. मेणबत्ती विझेपर्यंत ज्याची बोली शेवटची, पिंप त्याचं. आता बोली फोनवर आणि ऑनलाइनही लागते. लिलाव २००५ पासून क्रिस्टीज आणि मग २०२१ पासून तिच्याऐवजी सोदबीज ही कंपनी बघू लागली. बाटलीवर दात्याचं नाव असतं. 'निकोला रोलँ' नावाची वाइन आहे, 'गिगोन द सालँ' नावाचीही आहे.

गावातले दोन इंजिनीअर

दवाखान्यातून बाहेर पडून जुन्या तटाच्या कडेने फिरा. बुरुज अजून उभे आहेत, आणि त्यांच्या पोटात आता वाइनची तळघरं आहेत. मग एका चौकात एक पुतळा दिसतो. मी पाटीवरचं नाव वाचलं आणि मोठ्याने हसले. गास्पार मोंज!

इंजिनीअरिंगवाल्यांनो, पहिल्या वर्षाची ईडी आठवते? मिनी ड्राफ्टर, फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, एक्स-वाय लाइन, रात्रभर जागून मारलेली जीटी? त्या सगळ्याचा बाप हा. १७४६ मध्ये बोनमध्ये जन्मला, घर साध्या व्यापाऱ्याचं. पोरवयात स्वतः बनवलेल्या उपकरणांनी त्याने बोनचा नकाशा काढला. तो बघून त्याला मेझिएरच्या सैनिकी इंजिनीअरिंग शाळेत घेतलं, पण उमराव घराण्यातला नाही म्हणून फक्त आरेखकांच्या वर्गात. तिथे त्याने किल्ल्याच्या बांधणीचं एक किचकट गणित आकड्यांऐवजी रेषांनी इतक्या पटकन सोडवलं की अधिकारी तपासायलाच तयार होईना. नंतर त्याच पद्धतीला सैन्याने वर्षानुवर्षं गुपित म्हणून जपलं.

सांगायचं म्हणजे, बाबांच्या वॉर्डमध्ये मी चटईवर बसून ईडीच्याच शीट पूर्ण केल्या होत्या. रात्रपाळीच्या सिस्टर ट्यूबलाइटखालचं टेबल रिकामं करून द्यायच्या. मोंजची पद्धत मी शिकले ती जनरल वॉर्डमध्ये, आणि मोंजचं गाव बघायला आले तर तिथेही जनरल वॉर्डच.

दुसरा इंजिनीअर तसा डॉक्टर. एतिएन-ज्यूल मारे, जन्म १८३०, बोन. मनगटावर बसवून नाडीचा आलेख काढणारं यंत्र त्याने बनवलं. आज स्मार्टवॉचवर ठोके मोजता ना, त्या घराण्यातलं. आणि १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, एका सेकंदात १२ फोटो काढणारा. फोनमधला बर्स्ट मोड आठवला ना?

मग पापाच्या पैशाचं काय?

ओतेल-द्यूमधला दवाखाना १९७१ मध्ये गावातल्या नव्या आधुनिक इमारतीत गेला. १४५२ ते १९७१, म्हणजे ५१९ वर्षं त्या वास्तूत रुग्ण होते. आज तिथे तिकीट काढून आपण जातो, फोटो काढतो. एक गोष्ट मला सारखी टोचत होती. दात्यांची नावं फरशीवर आहेत, चित्रावर आहेत, बाटलीवर आहेत. खाटेवर झोपलेल्या एकाही माणसाचं नाव मला त्या दालनात दिसलं नाही. एका खाटेवर दोघे, पाच शतकं, आणि नाव कुणाचंच नाही.

आता अकराव्या लुईचा टोमणा. रोलँचा हेतू शुद्ध होता का? मला नाही वाटत. त्याला स्वर्ग हवा होता, नावही हवं होतं. पण त्याने स्वतःच्या हेतूवर दवाखाना चालायला ठेवला नाही. त्याने उत्पन्न बांधून दिलं, देखरेख ठरवून दिली, आणि इतरांना भर घालता येईल अशी जागा ठेवली. त्याची चांगली-वाईट नियत त्याच्याबरोबर १४६२ मध्ये संपली. व्यवस्था मागे राहिली.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी पैसे गोळा करायची लिंक येते. आपण पाचशे-हजार पाठवतो, हात जोडल्याचा इमोजी टाकतो आणि पुढे सरकतो. मीही हेच करते, आणि ते चुकीचं अजिबात नाही. त्या क्षणी तेच लागतं. पण पुढच्या महिन्यात नवा पेशंट, नवी लिंक. बोनहून परतताना ट्रेनमध्ये मी हाच विचार करत होते, की दरवेळी नव्याने दया यावी लागणार नाही, अशी सोय किती जागी करता येईल? द्राक्षमळा आपल्याकडे नाही. पण दहा मित्रांनी मिळून महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला ठेवणं हे त्याच जातीचं बीज आहे. आम्ही शाळेच्या ग्रुपमधल्या नऊ जणांनी ते सुरू केलंय. फार नाही, पण गेल्या पावसाळ्यात दोन घरांना लिंक फिरवावी लागली नाही.

बाबांना हे सगळं सांगितलं. छपराचे फोटो दाखवले, चित्र दाखवलं. ते बराच वेळ त्या लाल पडद्यांच्या खाटांचा फोटो झूम करत होते. मग म्हणाले, "आणि शेजारी खुर्ची पण आहे की."

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात कुणी जुन्या काळी बांधलेला दवाखाना, धर्मशाळा, पाणपोई अजून चालू असेल तर तिचा खर्च कशावर चालतो तेवढं विचारून बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि डास होऊ देऊ नका!